शिवरात्रीला खाल्लेले अकरा वाण

निर्मलाताई,

रामकुंडावर तुमचा दहावा झाला तेव्हा मी सगळ्यांच्या मागे, लोक चपला काढतात तिथे उभा होतो. पुढे जागा होती, तुमच्या यजमानांनी, काकांनी, हात करून बोलावलंही होतं. मी सरकलो नाही. मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली आणि आपले साहेब बोलायला उठले. म्हणाले, "निर्मलाताईंसारखं सच्चं माणूस मी आमच्या केंद्रात दुसरं पाहिलं नाही. एकदा त्यांच्याकडून अकरा नमुन्यांचे आकडे चुकले. दुसरं कुणी असतं तर यंत्राच्या नावाने खडे फोडून मोकळं झालं असतं. ताईंनी आपणहून परत तपासणी केली आणि माझंच चुकलं, असं सांगितलं." लोकांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली. माझ्या मानेला ती सवयच आहे.

ताई, तुमचं चुकलं नव्हतं. ते अकराही आकडे बरोबर होते. हे मला तेव्हा ठाऊक होतं आणि त्या दिवशी रामकुंडावर उभा होतो तेव्हाही ठाऊक होतं. नऊ वर्षं मी मूग गिळून बसलो, आणि आता तुम्ही ऐकायला नाही तेव्हा माझी वाचा फुटतेय. मोठा शूर लागून गेलो मी.

मी आपल्या संशोधन केंद्रात आलो तेव्हा मला काचेची नळीसुद्धा धड धुता येत नव्हती. पदवी होती, मिजास होती, हाताला वळण नव्हतं. तुम्ही पहिल्या दिवशी माझ्या हातातली नळी काढून घेतलीत आणि म्हणालात, "आधी पाण्याने तीनदा, मग ज्या द्रावणाचं काम करायचंय त्याने तीनदा. कंटाळा आला तर चौथ्यांदा." आठवडाभर मी नुसती भांडी विसळत होतो. घरी आल्यावर मेव्हणा विचारायचा, "काय रताळं, आज काय शोध लावला?" द्राक्षांच्या नाशकात आपण रताळ्यांवर काम करायचो, त्यामुळे लोकांना हसायला आयतंच निमित्त. तुम्हाला मात्र कधी कुणी हसलेलं मी पाहिलं नाही. तुम्ही रताळ्याबद्दल बोलायला लागलात की समोरचा दोन मिनिटांत गंभीर व्हायचा.

तुमचं काम किती सावकाश चालायचं, ते आठवून आजही मला धाप लागते. रताळ्याच्या चकत्या वाळवायच्या, दळायच्या, ती पूड आम्लात तासन्‌तास शिजवायची, धूर खिडकीतून बाहेर काढायचा, मग ऊर्ध्वपातन, आणि शेवटी नळीतून थेंब थेंब सोडत रंग कधी पालटतो त्यावर नजर लावून बसायचं. एवढं केलं की एका नमुन्यातली प्रथिनं किती ते कळणार. दिवसाला दहा-बारा नमुने झाले तर तुम्ही खूश. आणि तिकडे पैदास विभागाकडे नव्या रोपांच्या ओळीच्या ओळी उभ्या असायच्या. तुमचे आकडे पोचेपर्यंत लागवडीचा हंगाम निघून जायचा, आणि ते लोक बिचारे नुसतं वजन बघून वेल निवडायचे. सकस कंद मागे पडायचे आणि पाण्याने फुगलेले पुढे जायचे. म्हणून मला ते यंत्र हवं होतं. हेतू वाईट नव्हता माझा, एवढं तरी मला म्हणू द्या.

यंत्रावरून आपण डबा खाताना रोज भांडायचो. मी म्हणायचो, "ताई, पेल्यात पूड ठेवायची, तिच्यावर प्रकाश पाडायचा, परत येणारा प्रकाश मोजायचा. मिनिटभरात प्रथिनं, पिष्ट, सगळं समोर. दिवसाला शंभर नमुने." तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत विचारायचात, "आणि त्याला कोण सांगणार, कशात किती आहे ते?" मी म्हणायचो, "तुम्ही." तेच खरं होतं. यंत्राला जन्मतः काही कळत नाही. ही पूड, हिच्यात एवढं, ही दुसरी, हिच्यात तेवढं, असं शेकडो वेळा शिकवावं तेव्हा ते स्वतःच्या बुद्धीने सांगू लागतं. शिकवणारे सगळे आकडे तुमच्या वहीतले असणार होते. दुसरं भांडण रेषेबाहेरच्या ठिपक्यांवरून. आलेखावर एखादा ठिपका लांब पडला की तो खोडून टाकायची मला भारी घाई. तुम्ही म्हणायचात, "अरे, त्याला आधी विचार तरी, बाबा तू इकडे का बसलास?" हे भांडण आपलं कधी मिटलंच नाही.

मग एका हिवाळ्याच्या अखेरीला यंत्र खरंच आलं. आपलं नव्हतं, दुसऱ्या एका संस्थेकडून पंधरा दिवसांसाठी मागून आणलेलं. त्याच सुमाराला पेठचा लहानू एसटीच्या टपावर पोती टाकून आला. डोंगरातल्या पाड्यापाड्यांवरून रताळ्यांचे वेल गोळा करून त्याने आपल्या शेतात लावले होते, तुमच्याच सांगण्यावरून. अकरा वाण. वेल तेवढे बेण्याला ठेवून जमिनीतले सगळे कंद काढून आणले होते. तुम्ही प्रत्येक वाणाचे दोन-तीन कंद घेऊन तपासणी केलीत, त्यातच तुमची पूड संपली, आणि एका संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे आलात. "विलास, हे बघ. आपल्याकडच्या कुठल्याही रताळ्यापेक्षा प्रथिनं जास्त. अकराच्या अकरा. मी दोनदा केलंय." तुमचा चेहरा असा खुललेला मी आधी कधी पाहिला नव्हता. उरलेले कंद जाळीच्या पिशव्यांत, प्रत्येकीला तुमच्या अक्षरातली चिठ्ठी बांधून, माझ्या यंत्रासाठी ठेवले होते.

महाशिवरात्र आली. केंद्राला सुट्टी, तुम्ही घरच्यांबरोबर त्र्यंबकला गेलेल्या. यंत्र परत जायला चारच दिवस उरले होते म्हणून मी सुट्टीच्या दिवशी कामावर, आणि मदतीला पोपटराव. पोपटरावाला तुम्ही ओळखताच, तुमच्याच वयाचा, भट्टी आणि चक्की सांभाळणारा. दोघांचा उपास. दुपारी तो म्हणाला, "विलासराव, रताळ्यांच्या डोंगरावर बसून उपाशी मरायचं का आपण? उकडू का थोडी?" यात नवीन काही नव्हतं. तपासून उरलेली रताळी उपासाला उकडायची, ही आपल्याकडची जुनी रीत. तुम्हीही खाल्लीत की कितीदा. ज्यांचं काम झालं त्या क्रेटवर मी खडूने खूण करायचो. मी यंत्रावरून मान वर न करता म्हणालो, "खुणेच्या क्रेटमधली घे."

खूण मीच केली होती, सकाळी, घाईघाईत, भलत्याच क्रेटवर.

फार चविष्ट होती हो ती. तोंडात पिठासारखी विरघळत होती. पोपटराव म्हणाला, "अशी रताळी नाय खाल्ली कधी. बाजारातली म्हंजे नुसतं पाणी." मी दाण्याच्या चटणीबरोबर चार खाल्ली आणि राहिलेली घरीही नेली, बायकोने वाखाणली. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेट उघडला तर अकरा रिकाम्या पिशव्या आणि अकरा चिठ्ठ्या. मी तिथेच खाली बसलो. पोपटराव म्हणाला, "सांगून टाकू सायबांना. उपासाच्या दिवशी खाल्लं, महादेव बघून घेईल." साधं, सरळ बोलला बघा तो माणूस. मीच त्याच्यावर डाफरलो. म्हणालो, तोंड उघडलंस तर तुझीही नोकरी जाईल. त्याला गप्प मी बसवलं.

आता विचार करतो, सांगितलं असतं तर काय झालं असतं? साहेब ओरडले असते. केंद्रात वर्षभर माझी टिंगल झाली असती. यंत्राच्या यादीत अकरा ओळी रिकाम्या राहिल्या असत्या आणि लहानूने पुढच्या हंगामात पुन्हा कंद आणून दिले असते. बास, एवढंच. पण माझी नेमणूक तात्पुरती होती, कायम होण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर होता, आणि मला हसं करून घ्यायचं नव्हतं. एवढ्याशा भीतीपायी मी सायकल काढली आणि नाशिक रोडच्या बाजारात गेलो. शिवरात्र उलटल्यावर रताळ्यांना कोण विचारतंय, ढीग पडले होते. लाल सालीची, पांढऱ्या सालीची, तुमच्या नोंदीप्रमाणे बघून बघून मी अकरा पिशव्या भरल्या. तुमच्याच चिठ्ठ्या त्यांना बांधल्या.

यंत्राने काही खोटं सांगितलं नाही. पेल्यात बाजारातली रताळी होती, त्याने बाजारातल्या रताळ्यांचं माप सांगितलं. तुमचे आकडे आणि यंत्राचे आकडे ताडून काढलेला आलेख भिंतीवर लागला तेव्हा बाकी सगळे ठिपके रेषेला धरून होते, आणि अकरा खाली एका कोपऱ्यात घोळका करून बसले होते. साहेबांनी विचारलं, "हे काय?" तुम्ही माझ्या शेजारी होतात. मी म्हणालो, "संदर्भाचे आकडे एकदा तपासायला हवेत." तुमचं नाव घेतलं नाही मी. कशाला घ्यायला हवं होतं? संदर्भाचे आकडे म्हणजे तुम्ही, हे त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं? तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "मी परत करून देते. विलास, तुझ्याकडची पूड शिल्लक आहे ना?"

इथे मला आणखी एक संधी होती. पूड संपली, एवढं म्हटलं असतं तरी तुम्ही आपल्या आकड्यांवर ठाम राहिला असतात. मी जाऊन बाजारातल्या रताळ्यांच्या पुडीच्या अकरा बाटल्या आणून तुमच्या हातात दिल्या. का दिल्या, हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता प्रश्नाचीही लाज वाटते. नाही म्हटलं तर संशय येईल, एवढाच विचार होता डोक्यात. ज्या बाईने मला नळी धुवायला शिकवली, तिच्याच हातून तिला मी खोटं पाडायला निघालो होतो.

तीन दिवस तुम्ही त्या खिडकीपाशी बसलात. प्रत्येक नमुना तीनदा. चौथ्या दिवशी माझ्या टेबलाशी आलात, वही उघडी धरून. "विलास, माझंच चुकलं रे. यंत्र बरोबर आहे." वर तुम्हीच माझी समजूत काढायला लागलात. "तू सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं नाहीस. फार सांभाळून घेतलंस. मी विसरणार नाही." मी काय म्हणालो आठवतं? "चालायचंच, ताई." चालायचंच, म्हणे. माझ्या जिभेला हाड नाही हे ठाऊक होतं, लाजही नाही हे त्या दिवशी कळलं.

त्यानंतर तुमचं जे झालं, ते मी रोज समोर बसून पाहिलं. रंग पालटायचा क्षण आपल्याला दिसत नाही की काय, म्हणून तुम्ही डोळे तपासून आलात. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. मग तुम्हाला वाटायला लागलं, हात कापत असेल. नळीची तोटी धरलेल्या स्वतःच्या बोटांकडे तुम्ही संशयाने बघायचात. एकेक नमुना पाच पाच वेळा करायला लागलात. जिथे दहा व्हायचे तिथे तीन. एक दिवस साहेबांना अर्ज देऊन तुम्ही भांडाराच्या नोंदवह्या मागून घेतल्यात आणि निवृत्त होईपर्यंत काचेच्या भांड्याला हात लावला नाहीत. तुमची ती खिडकीजवळची जागा मला मिळाली. माझी नेमणूक कायम झाली. त्यासाठी शिफारशीचं पत्र तुम्हीच लिहिलं होतंत, "काम अत्यंत काळजीपूर्वक करतो" असं त्यात होतं.

लहानू पावसाळ्याच्या तोंडावर आला. पायरीवर बसून विचारलं त्याने, "ताई, आमच्या रताळ्यांचं काय निघालं?" तुम्ही भांडारातून उठून बाहेर आलात, त्याच्या शेजारी पायरीवर बसलात. "लहानूभाऊ, मी आधी सांगितलं ते चुकीचं होतं. उगाच आशा लावली तुम्हाला. माफ करा." तो म्हणाला, "मंग आमची पोरं कशावर वाढली?" मी दारात उभा होतो, ताई, दोन हातांवर. तुम्ही त्याची माफी मागत होतात आणि मी चहा पीत होतो. साहेबांनी त्याला आपल्या सुधारित वाणाचे वेल पोतं भरून दिले. दोन वर्षांनी मला उशिरा शहाणपण सुचलं आणि मी पेठला गेलो, निदान ते जुने अकरा वाणांचे वेल तरी परत आणावेत म्हणून. लहानूच्या बायकोने बांधावरून शेत दाखवलं. सगळीकडे आपलेच वेल. म्हणाली, "जुनं काढून टाकलं. तुमीच तं बोलला व्हता, कामाचं नाय." मी मान डोलावली आणि परतीची एसटी धरली.

त्यामुळे आज माझ्याकडे पुरावा काही नाही. कंद आम्ही खाल्ले, वेल उपटले गेले, पोपटराव तीन वर्षांमागे वारला. आहे तो फक्त माझा शब्द. आणि रोज सकाळी चालू होणारं ते यंत्र. आता केंद्राचं स्वतःचं आहे. त्याला आजही जे काही कळतं ते तुमच्या वहीतल्या शेकडो आकड्यांमुळेच. पैदास विभागाला आता लागवडीच्या आत सगळे आकडे मिळतात, सकस वेल निवडले जातात, बाहेरून लोक बघायला येतात. मी त्यांना ऐटीत सगळं समजावून सांगतो. कुणी विचारलं, एवढे अचूक संदर्भ कुणी काढले, तर मी म्हणतो, "आमच्या प्रयोगशाळेने." ताई, मला तुमचं नाव घेता येत नाही. घेतलं की पुढचं सगळं सांगावं लागेल, असं वाटतं.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी तुमच्या घरी गेलो. मी देवळाली कॅम्पला, तुम्ही नाशिक रोडला, मध्ये बसने किती वेळ लागतो? नऊ वर्षांत मी दोनदा आलो असेन, तेही घाईत. काका एकटेच बाहेरच्या खोलीत पेपर पुढ्यात घेऊन बसले होते. मला बघून त्यांना बरं वाटलं. म्हणाले, "तुझं नाव निघायचं बरं का. ती म्हणायची, विलासने माझी चूक कधी चारचौघांत काढली नाही. त्याचे उपकार आहेत माझ्यावर."

मग मात्र मला राहवलं नाही. खुर्चीच्या कडेवर बसून मी सगळं सांगितलं. खडूची खूण, चटणी, बाजार, चिठ्ठ्या, अकरा बाटल्या. एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही. आता हे उठून हाकलतील, असंच धरून चाललो होतो. खरं सांगायचं तर त्यांनी हाकलावं, असं मला वाटत होतं.

काकांनी पुढ्यातला पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तिचे पहिले आकडे बरोबर होते?"

"हो."

"सगळे?"

"सगळे, काका. अकराच्या अकरा."

ते उठले. गुडघ्यांनी त्यांना पटकन उठता येत नाही, तरी उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. "सुनीता, अगं बाहेर ये आधी. आईचं चुकलं नव्हतं. ऐकलंस का? आईचं चुकलंच नव्हतं." तुमची लेक पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. काका तिला सांगत होते, मध्येच हसत होते, मध्येच डोळे पुसत होते. सुनीता म्हणाली, "बाबा, मी म्हणत नव्हते? आईचा हात चुकणं शक्यच नव्हतं." दोघांच्या चेहऱ्यांवर असं काही उजळलं होतं की घरात कुणी गेलंय, हे क्षणभर वाटलं नाही. मी तिथे बसलोय, मला चार शिव्या घालायला हव्यात, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

ताई, तो आनंद तुमचा होता. तुम्हाला तो द्यायला मला फक्त बसमधून उतरून तुमच्या दारापर्यंत यायचं होतं. मी आलो नाही.